लाडकं पाखरू कोणतं, आणि का?

मागच्या अंकात एकच प्रश्न विचारला होता: तुमचा आवडता रानपक्षी कोणता, आणि तोच का? मोर-पोपटांचा पाऊस पडेल असं संपादकांना वाटलं होतं. मोर-पोपट आले, पण थोडेच. बाकीच्या पत्रांत पक्ष्याच्या आधी जागा येते. विहिरीवरचा खंड्या, आजोळच्या चिंचेतला पिंगळा, परीक्षेच्या दिवसांत खिडकीशी येणारा बुलबुल. पिसांच्या रंगाला अर्धी ओळ, आणि तो कुठं दिसला, तेव्हा सोबत कोण होतं, याला अख्खं पान. मला याचं नवल वाटलं नाही. सातारा भागात एसटीचा वाहक म्हणून नोकरी केली. प्रवासी तोंडावरून कमी आणि थांब्यावरून जास्त लक्षात राहतो. याच पत्रांतून आलेले काही प्रश्न इथं घेतो आहे.

माझं माहेर मेढ्याच्या पलीकडे डोंगरात. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकडून कुणीतरी शीळ घालायचं. आजी म्हणायची, तिकडं लक्ष देऊ नये. तो पक्षी होता हे फार उशिरा कळलं, आणि तो मी आजवर पाहिलेला नाही. न पाहिलेला पक्षी आवडता म्हणता येतो का? – एक वाचक, ठाणे

म्हणा की ताई. तुमच्या आजीचंही चुकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती माणसाचीच शीळ वाटते. हा शीळकरी कस्तुर. सह्याद्रीतल्या ओढ्या-धबधब्यांच्या कडेला राहतो आणि पाऊस लागला की उजाडायच्या आधी सुरू होतो. आमची मुक्कामी गाडी तुमच्याच बाजूला असायची. पावसात मागच्या लांब सीटवर घोंगडी घेऊन पडलेलं, टपावर पाण्याचा आवाज, आणि मग ती शीळ. सूर धरतो, सोडतो, मधेच भलतीकडं जातो. ठरलेली चाल नाही, म्हणून तर ऐकणारा फसतो. ड्रायव्हर म्हणायचे, उठा, साहेब आले.

दिसायला तो लांबून नुसता काळा. ऊन पडलं तर कपाळावर आणि खांद्यावर झळझळीत निळा रंग दिसतो, पण जून-जुलैत मेढ्याकडे ऊन कुठलं? पाण्याजवळच्या कपारीत घरटं करतो. पुढच्या पावसाळ्यात माहेरी जाल तेव्हा पाच वाजता उठून ओढ्याकाठच्या मोठ्या दगडांवर नजर ठेवा. दिसला तर छानच. नाही दिसला तरी तुमची आवड खोटी ठरत नाही.

आमच्या वर्गात सगळ्यांनी मोर लिहिला. मी कावळा लिहिला तर सगळे हसले. बाई म्हणाल्या, कारण लिहून आण. काय लिहू? – इयत्ता सातवी, वाई

कारण तुझं तू लिही पोरी, ते मी सांगितलं तर बाई ओळखतील. मी थोडा दारूगोळा पुरवतो.

मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पण त्या मानासाठी पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची पसंती माळढोकाला होती. म्हणजे मोर सोडून दुसरं नाव घेणारी तू पहिली नाहीस. दुसरं, तुझा कावळा कोणता ते आधी ठरव. मानेवर राखाडी पट्टा असलेला तो गावकावळा, सगळा काळाकुळकुळीत आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. गावकावळा माणसाला सोडून फारसा राहतच नाही. घरट्यात काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही वापरतो. एवढा हुशार, तरी कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालून जाते आणि हा ते पिल्लू भरवत बसतो. नर कोकीळ मुद्दाम समोर येऊन कावळ्यांना मागं लावून घेतो, तेवढ्यात मादी आपलं काम उरकते. मे-जूनमध्ये वाईच्या घाटावरच्या झाडांत ही पळापळ बघायला मिळेल. वर्गाला घेऊन जा.

आणि हसणाऱ्यांना सांग, 2018 मध्ये वर्ध्याच्या लोकांनी मतदान करून आपल्या शहराचा पक्षी निवडला, तेव्हा नीलपंख जिंकला. तारेवर बसलेला असताना तो मातकट दिसतो. उडाला की निळा कळतो.

नोकरीमुळे इंग्लंडात लेस्टरला आहे. इथं फेब्रुवारी उजाडला की कोकिळेची आठवण येऊन जीव कासावीस होतो. इथल्या पक्ष्यांत तशी माया लागेल असं कुणी आहे का? – मूळचे कोल्हापूरचे वाचक

कोकिळेची बदली मागू नका, ती मिळायची नाही. पण फेब्रुवारीच्या शेवटी, संध्याकाळी छपराच्या टोकावर किंवा अँटेनावर एक काळा पक्षी बघा. पिवळी चोच, डोळ्याभोवती पिवळं कडं. तो ब्लॅकबर्ड. नर काळा आणि मादी तपकिरी, एवढं तरी कोकिळेसारखं आहे. आवाज मात्र वेगळा, सावकाश, भरदार, दिवेलागणीला रंगणारा. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या रानात गाणारा कस्तुर (वरचा शीळकरी नव्हे, दुसरा) हा त्याचाच भाईबंद. दोघांना पूर्वी एकाच जातीत धरत असत. कोल्हापूरकराला तेवढी सोयरीक पुरे.

दुसरा रॉबिन. 2015 मध्ये तिथल्या लोकांनी राष्ट्रीय पक्षी कोणता असावा यावर मतं दिली, त्यात हाच पहिला आला. कारण सोपं आहे. बाकीचे गप्प असतात त्या हिवाळ्यातही तो गातो, नर आणि मादी दोघंही, कारण थंडीत दोघं आपापली हद्द वेगळी राखतात. शिवाय बागेत माती उकरायला घेतलीत की हातभर अंतरावर येऊन बसेल. तुमच्यावर जीव जडला म्हणून येत नाही तो. रानात डुकरं माती उकरतात, त्यांच्या मागं फिरून किडे टिपायची त्याच्या जातीला सवय आहे. तुम्हाला तो त्याच कामावरचा समजतो. राग मानू नका, अशानंच ओळख वाढते.

हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे हे स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलंय. पण तो आवडतो असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. असं का? – एक विद्यार्थी, लातूर

कारण तो वर बघितल्याशिवाय दिसत नाही. हिरवट पिवळा, त्यात वडाच्या-पिंपळाच्या पानांत, आणि खाली उतरायचा कंटाळा. पारव्यासारखा घुमतही नाही, हळू शीळ घालतो. पिकलेल्या फळांनी लगडलेला वड किंवा उंबर शोध आणि मान दुखेपर्यंत थांब. फांद्या हलतील तिथं पिवळे पाय दिसतील. हिवाळ्यात सकाळी हे थवेच्या थवे निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतात, तेव्हा तर काहीच कष्ट नाहीत. परीक्षेत एका गुणाचा आहे, झाडावर बराच जास्त.

नवीन कॅमेरा घेतलाय. नवरंगचा फोटो हवाय. मोबाइलवर त्याचा आवाज लावला की तो समोर येतो म्हणे. लावू का? – एक छायाचित्रकार, पनवेल

नका लावू.

येतो हे खरं आहे, पण का येतो? आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो भांडायला येतो. नवरंग दक्षिणेकडून आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतात, रात्रीचा प्रवास करून. काही तर दमून गॅलरीत नाहीतर जिन्यात पडलेले सापडतात. त्यानंतर पावसाचे थोडे महिने हातात, तेवढ्यात जोडी जमवायची, काटक्यांचं घरटं रचायचं, पिल्लं वाढवायची. त्यात तुम्ही तासभर त्याला खोट्या शत्रूमागं पळवणार. तुमच्या मागून आणखी चार कॅमेरे तेच करणार. लाडका पक्षी म्हणायचं आणि त्याच्याशी असं वागायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

सोपी वाट आहे. नवरंग बहुतेक वेळ जमिनीवर पाला उलटत असतो. जूनमध्ये पहाटे आणि संध्याकाळी तो आपणहून दोन सुरांची शीळ घालतो. तामिळनाडूत तर त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. ती ऐकून जागा हेरा. नाल्याच्या काठी झाडाला पाठ लावून बसा, हलू नका. पावसाळी डासांची तयारी ठेवा, आणि घरटं दिसलं तर कॅमेरा बंद करून मागं फिरा.

नव्या घराच्या गच्चीवरच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातलीत. सासूबाई म्हणतात, टिटवीचं ओरडणं अशुभ, अंडी हलवा. आमचे हे म्हणतात, राहू द्या. आणि काका, तुमचा आवडता पक्षी तुम्ही कधीच सांगत नाही! – एक वाचक, फलटण

दोन्हींचं उत्तर एकच पक्षी आहे. मला टिटवी आवडते.

माळावरच्या मुक्कामाला रात्री कुणी गाडीच्या दिशेनं येऊ लागलं की आधी टिटवी ओरडायची, मग कुत्रं. तिचं घरटं म्हणजे उघड्यावरचे चार खडे, त्यामुळे तिला गाढ झोप परवडतच नाही. अशुभाचं म्हणाल तर माझा हिशोब असा: घरात कुणी अत्यवस्थ असलं की माणसं अपरात्री कंदील घेऊन ये-जा करतात. माणूस हलला की टिटवी ओरडते. सकाळी गेलेल्या जिवाचं खापर तिच्यावर. सासूबाईंना हे सांगून बघा, पण वाद घालू नका. भर उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, तेवढं एकदा त्यांना जिन्याच्या दारातून दाखवा. शेजारी म्हणतील, उंचावर अंडी घातली, यंदा पाऊस जास्त. तुमच्या गच्चीवर खडी आहे आणि कुत्री नाहीत, एवढंच तिनं पाहिलंय.

अंडी हलवू नका. सुमारे चार आठवडे लागतील. तोवर वाळवणं दुसरीकडं घाला, मांजराला वरचं दार बंद ठेवा. खरी अडचण त्यानंतरची आहे. टिटवी पिल्लांना चोचीनं भरवत नाही. ती पिल्लं बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात पळू लागतात आणि आपलं आपण टिपून खातात. गच्चीवर त्यांना खायला काय मिळणार? आईबाप खालून बोलावतात, आणि कठडा उंच असला तर पिल्लं अडकतात. अशा वेळी चारही पिल्लं सुकी झाल्यावर एका खोक्यात घ्या, आईबाप डोक्यावर घिरट्या घालत असतानाच घेऊन उतरा, आणि सगळ्यात जवळच्या मोकळ्या रानात, त्यांच्या नजरेसमोर, सोडा. मग लांब जाऊन उभ्या राहा. दोघं तुमच्यावर झेपावतील, ओरडतील. डोक्यावर पदर नाहीतर टोपी घ्या आणि हे काम यजमानांवर ढकला, त्यांनीच राहू द्या म्हटलं होतं.