नवीन खाऱ्या पाण्याचा छोटा फिश टँक दुधाळ दिसतोय, काय करू?

५० लिटरचा टँक भरून आठवडाच झालाय ना, मग घाबरू नका. वाळूची धूळ असेल तर दोन-तीन दिवसांत बसते. नंतरही दुधाळपणा राहिला तर तो बॅक्टेरियाचा, आपोआप जातो. सगळं पाणी बदलू नका, उलट लांबतं. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवडे, मासे सोडूच नका. पाणी नळाचं नको, आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), त्यात सागरी मीठ विरघळवून हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायच्या साधनावर) १.०२५.

नाशिकच्या एप्रिलात माझ्या उघड्या टँकची पातळी दोन दिवसांत बोटभर उतरायची आणि मी शहाणा वरून खारंच पाणी ओतत बसलो! काचेच्या काठावर मिठाची पांढरी पुटं चढली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच.