उन्हाळ्यात रोज दोनदा पाणी घालूनही कुंडीतल्या भाज्या का मरतात?

दोन वेळा पाणी घालूनही टोमॅटो आणि दुधी पिवळे पडून गेले, तर यंदा लावू की नको, असं तुम्ही विचारलंय. जरूर लावा. फक्त पाणी घालण्याची पद्धत बदला.

पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. दुपारी दोन वाजता दुधीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची आणि मी बादली घेऊन धावायचे. शेवटी वेल उपटला, तर मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरली की वरची साल सुटून हातात येत होती. माझ्या पाण्यानंच ती कुजली होती. मोठ्या पानांतून भर उन्हात पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की माती ओली असूनही मुळं पुरी पडत नाहीत. त्यामुळे वेल दुपारी माना टाकतातच. संध्याकाळी पानं ताठ झाली तर काळजी नको. सकाळीही मलूल दिसली तर मातीत दोन पेरं बोट खुपसा. कोरडं लागलं तर तहान आहे, ओलं लागलं तर मुळांचं दुखणं.

पाणी सकाळी लवकर, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत घाला. लहान कुंडी संध्याकाळी पुन्हा कोरडी पडू शकते, तेही बोटालाच विचारा. मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, खोडाजवळची जागा मोकळी ठेवून. मी तर खताच्या आधी याकडे बघते.

टोमॅटोची फुलं पारा 35 अंशांच्या वर गेला की गळू लागतात. अशा वेळी नत्राचं खत वाढवलं तर नुसता पाला माजतो. कडक उन्हाळ्यासाठी भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी यांच्यावर भिस्त ठेवा.

वेलांना आधी नर फुलं येतात आणि गळून जातात, त्यानं घाबरू नका. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागेच इवलासा लव असलेला दुधी दिसतो. मधमाश्या फिरकत नसतील तर आपणच परागीभवन करायचं. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळकडे उमलतात, काकडीची सकाळी. वेळ चुकली की तो इवला दुधी पिवळा पडून गळतो.

सुरुवात मात्र भेंडीपासून करा. बी रात्रभर भिजवून थेट मोठ्या कुंडीत पेरा, साधारण 50 दिवसांत तोडणी सुरू होते. मग एक दिवसाआड तोडायचीच. पानाआड एखादी जून झालेली सापडली तर तीही काढून टाका, नाहीतर झाड बी पोसत बसतं आणि नवी फुलं कमी येतात.