जयंतीच्या दिवशी डू बॉइस यांची तसबीर

प्रिय बाळ,

सप्रेम जय भीम.

१४ एप्रिलला आपण तथागत, जोतिराव, सावित्रीबाई आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी मांडून त्यांना हार घालतो, त्याच ओळीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची तसबीर का असते आणि ही मराठी माणसांची रीत आहे की केवळ आपल्या घरची, असे तू विचारलेस. जेवता जेवता सांगून संपणारे हे उत्तर नाही, म्हणून लिहीत आहे.

रीत आपल्या घरची आहे. नागपूरला तुझ्या आजोळी जयंतीला ही तसबीर तुला दिसणार नाही. तिच्यामागचा विचार मात्र मराठीत दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने १८६५ साली गुलामगिरी रद्द झाली आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १ जून १८७३ रोजी, जोतिरावांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले. ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले, त्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा तेथेच लिहून ठेवली. जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले याची खबर ठेवणारा आणि त्यातून आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी काही मागणारा हा मराठी माणूस मला फार मोठा वाटतो.

त्या अर्पणपत्रिकेत एक गोष्ट आलेली नाही, ती तुला मुद्दाम सांगते. गुलामगिरी मोडण्यात स्वतः गुलाम असलेल्यांचा वाटा मोठा होता. पुढे गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरच्या घरी मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली, पण वाचायला शिकलेला माणूस गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे म्हणून तिच्या नवऱ्याने ते बंद पाडले. तेव्हा या मुलाने रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून उरलेली अक्षरे शिकून घेतली. १८३८ साली ते पळून आपल्याच मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डला येऊन राहिले. पुढे १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली होती.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. बॉस्टन कॉमनच्या कडेला, स्टेट हाऊससमोर, घोड्यावरचा गोरा कर्नल आणि त्याच्याबरोबर चालणारे कृष्णवर्णीय शिपाई असे जे ब्राँझचे शिल्प आहे, ते ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे आहे. पुढच्या वेळी त्या शिपायांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहा. शिल्पकाराने ते साच्यातून काढल्यासारखे एकसारखे केलेले नाहीत, प्रत्येकाचे वय आणि मुद्रा वेगळी आहे. या पलटणीत डग्लस यांचे दोन मुलगे होते. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर आणि यांना कपड्यांचे पैसे कापून ७ डॉलर, असा भेद केला गेला, तेव्हा त्यांनी कमी पगार घेण्यास नकार दिला आणि समान वेतन मंजूर होईपर्यंत ते बिनपगारी लढत राहिले.

आता डू बॉइस. त्यांचा जन्म १८६८ साली याच राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी झाला. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १८९५ साली मिळालेल्या त्या पदवीसाठी त्यांनी आफ्रिकेतून होणारा गुलामांचा व्यापार कसा बंद पाडला गेला, याचा अभ्यास केला होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक त्यांनी १९१० पासून १९३४ पर्यंत चालवले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे मासिक त्याच न्यूयॉर्क शहरातून निघत होते.

दोघांची भेट मात्र झाली नाही. १९४६ साली भारताच्या सत्तांतरासाठी ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र संरक्षण मिळाले नाही, तेव्हा बाबासाहेब चहूकडून दारे ठोठावत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले. मी भारतातील अस्पृश्यांपैकी आहे, आपले लेखन वाचत आलो आहे, दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की आपल्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, अशा आशयाचे ते पत्र आहे. शेवटी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवण्याची विनंती आहे. डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले. आपले नाव आणि कार्य मी ऐकून आहे आणि अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. आपल्या घरातली तसबीर या पत्रव्यवहारासाठी आहे.

साम्य म्हणजे एकरूपता असे समजू नकोस. बाबासाहेबांनी इतरत्र गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दोन्हींतला फरकही काटेकोरपणे दाखवला आहे: गुलामगिरी उघड असते, तर अस्पृश्यता आडमार्गाने माणसाला बांधते आणि म्हणूनच अधिक काळ टिकते. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी अमेरिकेतील ऑकलंड शहरात कृष्णवर्णीयांनी काढलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, तेव्हाही त्यांचा राग महाराष्ट्राच्या खेड्यांतील अत्याचारांवरचा होता. ऑकलंडकडून त्यांनी निर्भयपणा घेतला.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवणार नाही. आपल्या मराठी घरांत आजही सून पाहताना रंग पाहिला जातो आणि येथे आल्यावर कृष्णवर्णीय शेजाऱ्यांविषयी हलके बोलणारी मराठी माणसेही तुला भेटतील. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या घरात असे बोलणे मला सहन होत नाही. ती तसबीर मांडताना हे माझ्या मनात असते.

ही दोन्ही पत्रे मूळ इंग्रजीत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात, डू बॉइस यांच्या कागदपत्रांत जपून ठेवलेली आहेत. त्या ग्रंथालयाला नावही त्यांचेच आहे. येत्या जयंतीला मंडळाच्या कार्यक्रमात ती मराठीतून वाचावीत, असे मी सुचवले आहे. बाबासाहेबांचे पत्र तू वाच. भाषांतर आपण दोघी मिळून करू आणि अडेल तेथे आजोबांना फोन लावू.

तुझी,
आई