आडवारी निघ

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. नाशिक हायवेवर ट्रक कोपराला घासून जातात म्हणून तुला आता डोंगरातल्या एखाद्या धरणाभोवती फिरायचंय, खडी-मातीवर चालणारी ग्रॅव्हल सायकल घेतलीच आहेस आणि तुझ्या शब्दांत ‘जिथे एकही गाडी भेटणार नाही’ असा रस्ता हवाय. सोबत जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर रस्त्याची रेषा दाखवणारी फाइल, मागितली आहेस. फाइल पाठवीन, पण त्यातल्या रेषेवरून या रस्त्याचं निम्मंही कळणार नाही, म्हणून आधी हे पत्र.

तू ज्या परदेशी रस्त्यांचे व्हिडिओ बघतोस त्यांच्याबद्दल आधी बोलू. स्कॉटलंडमधलं लॉक कॅट्रिन हे तळं घे. १८५९ पासून ग्लासगो शहर त्याचं पाणी पितंय आणि त्याच्या उत्तर काठाचा रस्ता खाजगी गाड्यांना बंद आहे. तिथे हे जमतं, कारण काठाला वस्ती अगदी विरळ. सह्याद्रीत असा रस्ता शोधत बसू नकोस. आपल्या धरणांच्या काठाला गावं आहेत आणि काठाचा रस्ता त्या गावांचा आहे. तुला मी भंडारदऱ्याला पाठवतोय. तिथे मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी माळ लागते. एसटी येणार, दुधाची मोटरसायकल येणार, शाळेची पोरं रस्ताभर पसरून चालणार. ही रहदारी नको असेल तर तुला हा रस्ताच नकोय, असं मी समजेन. तुला त्रास होतो तो पर्यटकांच्या गाड्यांचा, आणि त्या टाळता येतात, कारण त्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे.

शनिवार-रविवार सोडायचे. जोडून सुट्टी आली असेल तर पुढचा-मागचा दिवसही सोडायचा. पावसाळ्यातले धबधब्यांचे आठवडे तर पूर्ण वगळ. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा मोसम असतो. तेव्हा सगळी मुंबई-पुण्याची माणसं रात्री याच अरुंद रस्त्यावर हेडलाइट लावून अंधार बघायला येतात. (या प्रकारावर मी लिहायला बसलो तर पत्र संपायचं नाही.) ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, आडवारी, उजाडता उजाडता धरणाच्या भिंतीजवळच्या शेंडी गावातून निघालास, तर पहिले दोन-तीन तास रस्ता जवळजवळ तुझा एकट्याचा.

आता दिशा. बहुतेक जण धरण डावीकडे ठेवून फिरतात, म्हणजे आधी मुरशेत-पांजऱ्याचा उत्तर काठ आणि शेवटी रतनवाडी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे पाणी आपल्या बाजूला राहतं, फोटो छान येतात. तू उलटा जा. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे आणि रतनगडाची वाट तिथूनच सुटते, त्यामुळे गाड्यांचा ओघ तिकडेच असतो आणि तो सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर सुरू होतो. गाड्या शेंडीतून निघेपर्यंत तू देऊळ बघून साम्रदच्या चढाला लागलेला असायला हवास. दुसरा फायदा वाऱ्याचा. विशेषतः फेब्रुवारीनंतर, दुपार कलली की कोकणातून घाटघरच्या कड्यावर वारा चढून येतो. उत्तर काठाने पूर्वेकडे परतताना तो पाठीशी मिळतो. तोटा एवढाच की हिवाळ्यात सकाळी दक्षिण काठ डोंगराच्या सावलीत असतो आणि थंडी बोटांत शिरते. पूर्ण बोटांचे हातमोजे घाल, काम झालं.

फेरी चाळीस ते पन्नास किलोमीटरच्या दरम्यान होते, कुठले फाटे आत जाऊन बघतोस त्यावर. आकडा बघून हसू नकोस. पाण्याची पातळी साधारण साडेसातशे मीटरवर, पण रस्ता पाण्याला धरून सपाट जात नाही. प्रत्येक ओहोळाला आत वळतो, खाली उतरतो, पुन्हा वर येतो. शिवाय ही काही सलग मातीची वाट नव्हे. नावाला डांबरी रस्ता आहे, पण इथला पाऊस डांबर टिकू देत नाही. घाटघरला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. कुठे नवं डांबर, कुठे उखडून राहिलेली खडी, कुठे मुरूम टाकून बुजवलेले खड्डे, आणि ही वाटणी दर पावसाळ्यानंतर बदलते. म्हणूनच ग्रॅव्हल सायकल इथे शोभते. रोड बाइक खडीत रडते आणि एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, डांबरावर कंटाळा आणते.

टायरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तू निरोपात गिअरबद्दल चार प्रश्न विचारलेस आणि टायरबद्दल एकही नाही. चाळीस मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस. इथली खडी बसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, फोडलेली. तिला धार असते. हवा जास्त भरलीस तर चाक खडीवरून उडतं. फार कमी ठेवलीस तर रिम आपटते आणि ट्यूब असेल तर दोन दात उमटावेत तशी दोन भोकं पडतात. तुझ्या वजनाला ट्यूबलेसमध्ये तीस ते पस्तीस पीएसआयपासून सुरू कर, मागे दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर आणखी पाच. निघण्याआधी घराजवळच्या खराब रस्त्यावर दाब बदलून बघ, हाताला फरक कळतो. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर ट्यूबलेसमधलं भोक बुजवणारं द्रावण काही करू शकत नाही. आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, एक ट्यूब आणि पंप जवळ ठेव. शेंडी सोडल्यावर सायकलचं दुकान नाही.

उतारावर एकच गोष्ट सांभाळ: ब्रेक वळणाआधी. सुटी खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. तिथे पोचल्यावर पुढचा ब्रेक दाबलास की चाक घसरलंच. वेग आधी मोड, बूड जरा मागे घे, हात हँडलच्या खालच्या पकडीत, आणि सायकलला तिच्या मर्जीने थोडं हलू दे. गिअरचं उत्तर एका ओळीत: पुढच्या लहान चकतीइतकेच दात मागच्या मोठ्या चकतीला असू देत, साम्रदचा चढ बसून निघेल.

नोव्हेंबरात गेलास तर रस्त्यावर भात दिसेल. सपाट डांबर ही इथे दुर्मीळ चीज, त्यामुळे खळ्याचं बरंच काम रस्त्यावरच होतं. वाळत घातलेल्या भातावरून किंवा नागलीवरून सायकल नेऊ नकोस. उतर, कडेने हातात धरून ने. समोरच्या मावशी बहुधा ‘जा रे, काही होत नाही’ म्हणतील. तरी उतर. कुत्री आली तरीही उतर, सायकल मध्ये ठेवून चाल, त्यांचा रस संपतो. म्हशींना घंटी वाजवू नकोस, आवाज दे.

पाण्याचं मात्र मनावर घे. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि लगेच या धरणात अडते. १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरच्या शेताला गेलं, ऊस आला, आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच धरणाच्या काठच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब चालतात. हे तू पेडल मारताना डोळ्यांनी बघशील. तेव्हा बाटल्या दोन घे, मोठ्या घे, शेंडीतच भरून घे. उन्हाळ्यात कुणाच्या अंगणातल्या हंड्यावर भिस्त ठेवून निघणं मला पटत नाही. जेवणाचं वेगळं. रतनवाडीत घरगुती पिठलं-भाकरी मिळते, आदल्या दिवशी फोन करून सांगितलंस तर त्यांची धावपळ होत नाही. पैसे विचारून दे, घासाघीस नको.

अमृतेश्वरापाशी थांब. हेमाडपंती बांधणी, शिलाहारांच्या काळातलं मानतात, शेजारी कोरीव पुष्करणी. सकाळी पुजाऱ्याखेरीज कुणी नसतं. तुझे ते पेडलला अडकणारे क्लीट लावलेले बूट दगडी फरशीवर घसरतात आणि फरशीलाही ओरखडे पाडतात, देवळाच्या आवाराबाहेरच काढ. पुढे साम्रदला सांधण दरीचा फाटा लागेल. त्या दिवशी दरीत उतरू नकोस. ती निवांत वेळ मागते आणि सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न राहतोच.

घाटघरला कड्यावर जा. समोर एकदम कोकण खाली पडलेलं. तिथला जलविद्युत प्रकल्प बघण्यासारखा आहे, बाहेरून का होईना. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अडीचशे मेगावॉटची. तुझं इंजिनिअरिंग चालू आहे, तुला मजा येईल. कड्याच्या टोकाला मात्र सायकलवर बसून फोटो काढू नकोस. वाऱ्याचा झोत आडव्या चाकाला कसा ढकलतो ते तिथे शिकण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला रुंद, सपाट जमीन उघडी पडते आणि ग्रॅव्हलवाल्यांचे हात शिवशिवतात. वरून वाळलेली दिसते, भेगाही पडलेल्या असतात, खाली गाळ मऊच असतो. शिवाय हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. रस्ता सोडून चाकं घालायची नाहीत. वनखात्याच्या नाक्यावर पावती मागितली तर दे. अंधार पडायच्या आत परत ये, बिबट्याचा वावर आहे आणि तुझा दिवा त्याला दिसण्यापुरताच उपयोगाचा.

पोचायचं कसं? मुंबईकडून येतोस तर सायकल बॅगेत घालून रेल्वेने इगतपुरी गाठ, तिथून घोटीमार्गे बारी गावावरून शेंडी. घोटी ते शेंडी सायकलवर करायचा मोह होईल. आदल्या दिवशी दुपारी कर आणि शेंडीत मुक्काम टाक, म्हणजे पहाटेची वेळ हाती लागते. मुक्कामाला काठावरच्या तंबूंच्या वस्तीत राहू नकोस, गावात खोली बघ. तंबूवाल्यांचा स्पीकर मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि तुला साडेपाचला उठायचंय.

नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, साम्रदच्या बाजूला रेंज जाते. घरी परतायची वेळ सांगताना दोन तास वाढवून सांग. एकटा जाणार की कुणाला घेणार ते कळव. तिघांपेक्षा जास्त नकोत, गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवलंत तर त्या दुधाच्या मोटरसायकलला जागा राहत नाही. तारीख नक्की झाली की रतनवाडीतल्या घराचा नंबर आणि तुझी ती फाइल, दोन्ही पाठवतो.

तुझा,
काका