सरकारी कार्यालयात नवीन पद कसं निर्माण होतं? आणि आहे त्या पदाची वेतनश्रेणी वाढवून घ्यायची तर कुठे जावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही राज्य शासनाच्या एका तालुका कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहात. मंजूर पदं जुन्या आकृतिबंधातलीच (कार्यालयासाठी मंजूर पदांच्या तक्त्यातलीच) आहेत, काम दुपटीवर गेलंय, आणि संघटनेनं ‘पदं वाढवा, वेतनश्रेणीही वाढवा’ असं निवेदन देऊनही वरून काही उत्तर नाही. मी मंत्रालयात एका विभागाच्या आस्थापना कार्यासनातून, म्हणजे कर्मचाऱ्यांचे विषय बघणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालो. असे प्रस्ताव तयार करणं आणि वित्त विभागाकडून परत आले की शेऱ्यांना उत्तरं देणं, हेच माझं काम होतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, या दोन मागण्या एका निवेदनात कधीच घालू नका. दोघींचे रस्ते वेगळे आहेत. पदनिर्मितीचा प्रस्ताव तुमच्या प्रशासकीय विभागाकडून वित्त विभागाच्या वित्तीय सुधारणा कार्यासनाकडे जातो आणि तिथून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सचिव समितीपुढे. वेतनश्रेणीचा विषय वित्त विभागातच, पण सेवा-९ कार्यासनाचा. एकाच कागदावर दोन्ही मागण्या असल्या की प्रत्येक टेबल ‘हा विषय या कार्यासनाशी संबंधित नाही’ असं लिहून मोकळं होतं, आणि तसं लिहिण्यात त्यांचं काही चुकतही नाही.

आधी पदांचं बघू. समितीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती? मंजूर पदांतली बरीचशी रिक्त असतील तर ‘आधी ती भरा’ हेच उत्तर मिळणार. तुमच्या कार्यालयात खुर्च्या रिकाम्या आहेत की मुळात मंजुरीच अपुरी आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. लिपिकांची भरती आता लोकसेवा आयोगाकडे आहे. त्यामुळे रिक्त जागांचा मामला असेल तर बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची नोंदवही) तपासून झाली का आणि आयोगाकडे मागणीपत्र गेलं का, याचा पाठपुरावा करायचा. त्यासाठी नवीन पद मागण्यात अर्थ नाही.

मंजुरीच अपुरी असेल तर मग कार्यभाराचा हिशेब लागतो, आणि बहुतेक प्रस्ताव इथेच पडतात. ‘कामाचा व्याप प्रचंड वाढला आहे’, ‘कर्मचाऱ्यांवर अतिरिक्त ताण येत आहे’, ‘नागरिकांची गैरसोय होत आहे’ अशी वाक्यं पानभर असतात आणि आकडा एकही नसतो. मला एका जिल्हा कार्यालयाचा प्रस्ताव चांगला आठवतो. पहिल्यांदा तो असाच आला आणि परत गेला. नंतर तिथल्या एका वरिष्ठ लिपिकानं तो नव्यानं बांधला. गेल्या काही वर्षांच्या आवक-जावक नोंदवह्या काढून त्यानं महिनावार तक्ता केला. कोणत्या प्रकारची किती प्रकरणं आली, प्रत्येक प्रकारच्या एका प्रकरणाला टिपणी लिहिण्यापासून आदेश निघेपर्यंत सरासरी किती वेळ जातो, त्यावरून वर्षाचे मनुष्यतास किती, आणि एक कर्मचारी रजा-सुट्ट्या वजा जाता वर्षात किती तास देऊ शकतो. मागचा आकृतिबंध ठरला तेव्हा जी कामं अस्तित्वातच नव्हती, ऑनलाइन अर्जांची छाननी, माहिती अधिकाराचे अर्ज, सेवा हक्काच्या मुदती, त्यांचा रकाना वेगळा. तो तक्ता वाचताना माझ्या अवर सचिवांनी पेन्सिलीनं बेरजा तपासल्या होत्या आणि त्या जुळल्या. मागितली तेवढी पदं मिळाली नाहीत, पण मिळाली. त्या वरिष्ठ लिपिकाचं नाव कुठल्याही शासन निर्णयात नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिशेबासोबत खर्चाचं विवरणही लागतं. वेतनस्तराचा मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, वाहतूक भत्ता धरून वर्षाचा बोजा किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) जाणार, हे स्पष्ट हवं. नवी पदं मागताना जुनी कोणती सोडणार, हेही विचारलं जातं. टंकलेखनाचं, रोनिओ (प्रती काढायचं जुनं यंत्र) ऑपरेटरचं असं काळाबरोबर संपलेलं एखादं पद अजून मंजूर यादीत असेल तर ते निरसित म्हणजे रद्द करून बदल्यात दुसरं मागणं हा सर्वांत सोपा मार्ग. अशा प्रस्तावात वित्त विभागाला आडकाठी घालायला फारशी जागा उरत नाही.

एका गोष्टीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. समिती पुष्कळदा काही पदं नियमित देते आणि शिपाई, वाहनचालक, डेटा एंट्रीची कामं ‘बाह्ययंत्रणेद्वारे’ करून घ्यायला सांगते. माझं याबाबतचं मत ठाम आहे. वर्षानुवर्षं रोज करावं लागणारं काम असेल तर त्याला पद असलं पाहिजे. ठेकेदाराचा माणूस तुमच्याच शेजारी बसून तेच काम करतो, पण त्याला ना सेवापुस्तक, ना रजा, ना पुढची पायरी. शिवाय ते पद एकदा आकृतिबंधातून गेलं की परत आणणं महाकठीण. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला होता, तो लोकांच्या रोषामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर रद्द करावा लागला. एकेका कार्यालयाच्या आकृतिबंधातून हीच गोष्ट गाजावाजा न होता घडते. म्हणून तुमच्या संघटनेनं मसुद्याच्या टप्प्यावरच विचारायला हवं की कोणती पदं बाहेर काढली जाताहेत.

शासन निर्णय निघाला म्हणजे माणूस आला असंही नाही. पद नव्या नावाचं असेल तर संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली सेवाप्रवेश नियम करावे लागतात, आणि त्यात पात्रता, वयोमर्यादा, सरळसेवा व पदोन्नतीचं प्रमाण ठरेपर्यंत भरती होत नाही. पद अस्थायी असेल तर मुदतवाढीचा आदेश वेळेवर निघायला हवा, नाहीतर कोषागार पगाराचं देयक अडवतं. फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे या आदेशांसाठी जिल्ह्यांतून फोनवर फोन यायचे, कारण पलीकडे कोणाच्या तरी घराचा हप्ता थांबलेला असायचा.

आता वेतनश्रेणी. इथे तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात: पदनाम, गट आणि वेतनस्तर (एस-६, एस-८ अशी पगाराची पायरी). तिन्ही स्वतंत्र आहेत. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. २०२४ मध्ये तलाठी हे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. नावात ‘अधिकारी’ आलं, वेतनस्तर एस-८ तोच राहिला. नायब तहसीलदारांना १९९८ मध्ये राजपत्रित वर्ग दोनचा दर्जा मिळाला, पण त्या दर्जाला साजेसं वेतन मिळालं नाही. ४३०० चा ग्रेड पे (श्रेणी वेतन) ४८०० करा, ही त्यांची मागणी होती आणि त्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये तहसील कार्यालयांत संपही झाला. याच्या उलट आश्वासित प्रगती योजना. तिच्यात १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वेतन वरच्या स्तराचं मिळतं, पद मात्र तेच राहतं. निवेदनाच्या पहिल्या ओळीतच तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते लिहा. नाव मागाल तर नावच मिळेल, कारण त्याला तिजोरीतून काही जात नाही.

तुमच्या पदाचं बोलायचं तर, लिपिक-टंकलेखक एस-६ वर आहे, सुरुवात १९९०० रुपये. वरिष्ठ लिपिक एस-८ वर, २५५००. तुम्ही एस-८ मागितलात तर वित्त विभाग पहिल्यांदा विचारेल की मग वरिष्ठ लिपिकाला कुठे बसवायचं? त्याला वर सरकवलं तर त्याच्या वरच्यालाही सरकवावं लागतं. मग पुढचा प्रश्न समकक्ष पदांचा. हे पद एका कार्यालयाचं नाही, राज्यातल्या जवळपास प्रत्येक खात्यात आहे. फरक महिन्याला ५६०० रुपयांचा, वर्षाला ६७,२००. समजा फक्त १०,००० पदं धरली तरी नुसत्या मूळ वेतनाचे ६७ कोटी २० लाख होतात, त्यावर महागाई भत्ता आणि पुढे निवृत्तिवेतन वेगळं. ‘केंद्राप्रमाणे द्या’ हा युक्तिवादही इथे चालत नाही, कारण केंद्रातला कनिष्ठ लिपिकसुद्धा १९९०० वरच सुरू होतो.

म्हणून एकट्या पदाची वेतनश्रेणी मधेच वाढणं दुर्मीळ. हे विषय समित्यांपुढे सुटतात. सातव्या वेतन आयोगासाठी राज्यानं के. पी. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. राहिलेल्या त्रुटींसाठी २०२४ मध्ये मुकेश खुल्लर यांच्या अध्यक्षतेखाली वेतनत्रुटी निवारण समिती बसली आणि तिच्या शिफारशींवरचा शासन निर्णय जून २०२५ मध्ये आला. अशा समित्यांपुढे टिकतात त्या मागण्यांत तुलना असते: नेमणुकीची शैक्षणिक अर्हता समान, भरतीची पद्धत समान, कर्तव्यं समान किंवा जास्त जबाबदारीची, आणि तरीही दुसऱ्या खात्यातल्या पदाला वरचा स्तर. महागाई, घरखर्च, कष्ट या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्यावर समितीला शिफारस लिहिता येत नाही. आणखी एक, त्रुटी मान्य झाली तरी बहुतेक वेळा मागच्या तारखेपासून वेतननिश्चिती फक्त काल्पनिक, म्हणजे कागदावरच होते, थकबाकी मिळत नाही.

कोर्टात जावं का, असं तुमचे सहकारी विचारतील. १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली पोलिसांतल्या चालक-शिपायाच्या बाजूनं समान कामाला समान वेतनाचं तत्त्व उचलून धरलं आणि २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही नियमित वेतनश्रेणीच्या किमान वेतनाचा हक्क मान्य केला. पण पदांची समकक्षता ठरवणं हे तज्ज्ञ समितीचं काम आहे, अशीच न्यायालयांची साधारण भूमिका राहिली आहे. काम समान असल्याचा लेखी पुरावा हातात नसेल तर याचिकेत वर्षं जातात.

तुमच्या बाबतीत मी असं सुचवेन. वेतनश्रेणीचा विषय राज्य संघटनेकडे द्या, आठव्या वेतन आयोगानंतर राज्याची समिती बसेल तेव्हा कर्तव्यसूचीसह (पदाच्या कामांच्या यादीसह) मांडता येईल. पदांचा विषय मात्र आत्ताच हातात घ्या. तुमच्या खात्याचा शेवटचा आकृतिबंध मंजूर करणारा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढा, सापडला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. त्याच्या परिशिष्टात तुमच्या कार्यालयापुढे किती पदं आहेत ते बघा आणि त्या वर्षीची आवक आजच्या आवकेशेजारी मांडा. तक्ता तयार झाला की तो कार्यालयप्रमुखांच्या सहीनंच वर पाठवा. संघटनेच्या लेटरहेडवर आलेला कागद निवेदन म्हणून दप्तरी जातो, कार्यालयप्रमुखाचा कागद प्रस्ताव म्हणून नोंदवला जातो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.