एक सिलिंडर गप्प का? घरी बांधलेल्या गाडीच्या मिसिंगबद्दल प्रश्नोत्तरे

कारखान्यातून आलेली गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेनासे झाले, की बहुतेक वेळा एखादा पार्ट झिजलेला असतो. घरी बांधलेल्या गाडीत पार्ट नवे असतात, पण प्रत्येक जोड, प्रत्येक लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), प्रत्येक क्लिप आपल्या हातची असते. म्हणून माझा पहिला संशय नेहमी जोडांवर असतो. या वेळच्या सहा प्रश्नांची उत्तरे वाचताना ते लक्षात ठेवा.

प्रश्न : जुन्या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन नव्या चॅसिसवर बसवले. पहिल्या स्टार्टला चालू झाले, पण थरथरते, तीनच सिलिंडर मारतात असे वाटते. प्लग, वायर, कॉइल सगळे नवे आहे. आता पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलू का?

थांबा, अजून काहीही बदलू नका. कोणता सिलिंडर मारत नाही, हे आधी ठरवा. गार इंजिन चालू करून अर्ध्या मिनिटाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) चारही नळ्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. थर्मामीटर नसेल तर प्रत्येक नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाका. तीन ठिकाणी तो चुरचुरत उडून जाईल, चौथ्या नळीवरून नुसता ओघळेल.

मग खात्री करायला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. मारणाऱ्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच खाली बसते, मेलेल्याचा काढला तर काहीच फरक पडत नाही. चालू इंजिनवर प्लगची वायर मात्र ओढू नका. कॉइलचा दाब कुठून तरी वाट काढतोच, कधी कॉइलच्या इन्सुलेशनमधून, कधी तुमच्या हातातून. शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो.

सिलिंडर सापडला की अदलाबदल करा. समजा दोन नंबर मेला आहे. त्याचा प्लग चारला लावा, कॉइल प्रत्येक सिलिंडरला वेगळी असेल तर ती तीनला, आणि पुन्हा बघा. मिसिंग पार्टसोबत हलले तर पार्ट खराब. दोनलाच राहिले तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

एकाऐवजी दोन सिलिंडर मेले असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बघा. पुष्कळ चार सिलिंडर इंजिनांची ती १-३-४-२ असते, पण तुमच्या इंजिनाची खात्री करून घ्या. डिस्ट्रिब्युटर (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) असेल तर त्याचा रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजायचे. घाईत दोन वायरींची अदलाबदल अनुभवी हातांकडूनही होते.

प्रश्न : उभ्या गाडीत रेस केली तर इंजिन मक्खन. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते. प्लग काढून स्पार्क पाहिला, निळा आणि जोरदार आहे.

बाहेर काढलेल्या प्लगचा स्पार्क पाहून समाधान मानू नका. मोकळ्या हवेत गॅप ओलांडायला जेवढा व्होल्टेज लागतो, त्याच्या कितीतरी पट दाबलेल्या मिश्रणात लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त, दाब जास्त. मग स्पार्क गॅपऐवजी सोपी वाट धरतो.

प्लगचा गॅप फीलर गेजने मोजा. जुन्या साध्या कॉइलला ०.७ ते ०.८ मिमी पुरेसा असतो. त्याच कॉइलवर १.१ मिमी ठेवला तर लोडवर मिसिंग होणारच. मग प्लगची पांढरी पोर्सिलीन उजेडात फिरवून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ वरून खाली गेलेली दिसली, तर स्पार्क तिथूनच पळतो आहे. ती पुसून जात नाही. तो प्लग टाकून द्या आणि त्यावरचा रबर बूटही बदला, कारण रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते.

अंधारात बॉनेट उघडून वायरींवर अगदी बारीक पाण्याचा फवारा मारला तर गळणारा स्पार्क निळ्या धाग्यासारखा दिसतो. हात लांब ठेवा आणि जवळपास पेट्रोलची गळती नाही ना, ते आधी बघा.

इग्निशन निर्दोष ठरले तर पेट्रोलचा दाब मोजा, तोही गाडी चढाला असताना, गेज काचेसमोर सुरक्षित बांधून आणि सोबत्याला बघायला सांगून. आयडलिंगचा दाब लोडबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण दाखवणारा) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो म्हणून ट्यूनमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) पेट्रोल वाढवले. मिसिंग आणखी वाढले, मीटर अजूनही लीनच. मीटर खराब आहे का?

मीटर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडरने एक फेरी चुकवली की त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो आणि मीटर म्हणतो, लीन. तुम्ही पेट्रोल ओतता, प्लग ओला होतो, आणखी फेऱ्या चुकतात, आकडा आणखी लीन होतो. हे चक्र मी अनेक गाड्यांवर पाहिले आहे, आणि दर वेळी मालकाला ट्यूनवरच शंका असते.

प्लग काढून बघा. काळा, काजळी धरलेला, पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे मिश्रण रिच आहे, त्यात पेट्रोल जास्त आहे. ट्यून मूळ जागेवर न्या आणि आधी मिसिंग शोधा. सेन्सरच्या आधीचा फ्लँज किंवा सरकता जोडही तपासा. एक्झॉस्ट ठोके देत वाहतो, दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि आयडलिंगला आकडा पुन्हा खोटा लीन होतो.

एवढे पेट्रोल ओतल्यावर डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर आजच ऑइल बदला. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

प्रश्न : ४००० आरपीएमपुढे एकदम कट होते, ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) लॉगमध्ये सिंक लॉस दिसतो, म्हणजे क्रँक कुठे आहे हे त्याला कळेनासे होते. ३६-१ चाक (३६ दात्यांच्या जागा, त्यातला एक गाळलेला), दोन वायरींचा सेन्सर.

दोन वायरींचा म्हणजे बहुधा मॅग्नेटिक सेन्सर. त्याच्या वायरी उलट्या लागल्या तरी इंजिन चालते, आणि म्हणूनच चूक लपून राहते. ईसीयूत टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) १० अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट लावा आणि हळूहळू रेस करा. पुलीवरची खूण सरकत गेली तर दोन वायरी आलटून बघा. खूण स्थिर असेल तर चाक आणि सेन्सरमधली फट मोजा, साधारण ०.७५ ते १ मिमी, आणि चाक वाकडे फिरत नाही ना ते बघा. वायर शील्डेड (जाळीच्या आवरणाची) हवी, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलेली.

प्रश्न : हेडलाइट लावल्या की मिसिंग सुरू, बंद केल्या की थांबते. फायबरची बॉडी, पावडर कोट केलेला चॅसिस.

अर्थिंग! फायबर करंट नेत नाही, पावडर कोटही नाही, आणि इंजिन रबरच्या माउंटवर बसलेले आहे. करंट नक्की कोणत्या वाटेने परत जातो आहे, हे आपल्या गाडीत आपल्यालाच ठरवावे लागते. लाइट लावून, इंजिन चालू ठेवून, ईसीयूच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड कच्चा आहे. मग स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉकपासून निगेटिव्हपर्यंत मोजा, तिथे ०.२ च्या आसपास ठीक, अर्धा व्होल्ट म्हणजे दोष.

लगखालचा कोट चमकता लोखंडी पत्रा दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस लावा. ईसीयू आणि त्याच्या सेन्सरांचा अर्थ लाइटच्या अर्थसोबत एका वायरीवर कधीही बांधू नका.

प्रश्न : गार असताना उत्तम. गरम झाल्यावर आयडलिंगला एक सिलिंडर सोडतो, रेस केली की येतो. हेड नुकतेच बसवले आहे.

टॅपेट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे टॅपेट घट्ट राहिले (व्हॉल्व्हवरची फट कमी पडली) तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. एक सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर मधली हेड गॅस्केट. टॅपेट लवकर सेट करा. घट्ट व्हॉल्व्हला सीटवर टेकून गार व्हायला मिळत नाही, आणि असा व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत जळतो.