व्हेंटिलेटर एक, पेशंट दोन

प्रश्न : डॉक्टर, साथीत आयसीयूचे बेड कमी पडले की कोणाला घ्यायचं ते ठरवतं कोण? माझे वडील ७४ चे आहेत, वय बघूनच बाजूला काढतील का? जो आधी आला त्याला आधी, एवढं साधं का नाही करत?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आधी पोचतो कोण, तर ज्याच्याकडे गाडी आहे, ओळख आहे, जो जवळ राहतो. लांबून येणाऱ्याचा आजार तेवढाच, पण नंबर मागे. मग लायकी बघून द्या म्हणाल, तर तेही करून झालंय. १९६० च्या दशकात अमेरिकेत सिएटलला डायलिसिसची मशीन मोजकीच होती म्हणून सात जणांची कमिटी नेमली, त्यात डॉक्टर एकच, आणि ही मंडळी पेशंटचं उत्पन्न, लग्न, मुलं किती, चर्चला जातो का असलं सगळं बघून ठरवायची. लोक तिला 'देवाची कमिटी' म्हणायला लागले, कौतुकाने नव्हे!

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सोफा स्कोअर, म्हणजे कुठला अवयव किती बिघडलाय त्याचे मार्क, धरतात. फुप्फुसं, रक्त गोठणं, लिव्हर, रक्तदाब, मेंदू, किडनी, प्रत्येकाला ० ते ४, एकूण २४, आणि जितके मार्क जास्त तितकी तब्येत वाईट, म्हणजे वाचायची शक्यता कमी आणि नंबर मागे. यात वय नाहीच. पण मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अगदीच वेळ आली तर वयाची मर्यादा लावावी लागेल असं लिहिलं होतं, त्यामुळे वय कुठेच बघत नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. स्कोअरही काही सोवळा नाही, ज्याची किडनी आधीपासून अधू तो सुरुवातीलाच मागे पडतो.

ठरवतं कोण, तर माझ्या मते पेशंटजवळ उभा असलेला डॉक्टर नकोच, त्याने फक्त आपल्या पेशंटसाठी भांडावं. न्यूयॉर्क राज्याच्या व्हेंटिलेटर वाटपाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे काम वेगळ्या माणसाकडे किंवा कमिटीकडे दिलंय, व्हेंटिलेटर मिळालेल्याची ४८ आणि १२० तासांनी परत तपासणी, आणि दोघं अगदी सारखेच निघाले तर चक्क चिठ्ठी टाकल्यासारखी निवड. ऐकायला क्रूर वाटतं, मला त्यातल्या त्यात हेच प्रामाणिक वाटतं, कारण चिठ्ठीला वशिला लागत नाही.

वडिलांवर कधी तशी वेळ आलीच तर तीनच गोष्टी विचारा : निर्णय कोणी घेतला, परत कधी तपासणार, आणि व्हेंटिलेटर नसेल तर श्वासाच्या त्रासावर, दुखण्यावर काय देताय. तिसरं आवर्जून विचारा, गडबडीत तेच राहून जातं.